बिनगिअरची गाडी

काकांनी हॉर्न वाजवलेला मी कधी ऐकला नाही. ड्रायव्हर माणूस, सगळी हयात स्टेअरिंगवर गेलेली. समोर म्हशी आल्या, ट्रॅक्टर आले, रेतीचे टिप्पर आले, रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोनवर भांडणारे लोक आले, पण या बाबाचा हात काही हॉर्नवर गेला नाही. म्हैस आपल्या मर्जीनं बाजूला होईपर्यंत हा गाडी उभी करून बसणार. मी मागून ओरडायची, "काका, वाजवा ना जी एकदा!" तर आरशातून माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, "कोनाच्या कानाशी जाऊन बोंबलनं, हे आपलं काम नाही, बाई."

असं का, म्हणून विचारलं की एक गोष्ट सांगायचे. तरुणपणी म्हणे त्यांनी एकदाच जोरात हॉर्न वाजवला आणि पुढच्या बंडीचे बैल बिथरून नवरदेवासकट थेट तलावात गेले. पुढच्या वेळी विचारलं तर नवरदेवाच्या जागी पोलीस पाटील असायचे. एकदा तर बैलच नव्हते, मोटारसायकल होती. मी म्हटलं, "काका, मागच्या खेपेला बैल होते." तर म्हणे, "बैलबी होते. ते मांगून येऊन राहिले होते." आता अशा माणसाशी वाद घालून आपणच येडे ठरतो की नाही?

मी त्यांची कंडक्टर. भंडाऱ्याच्या आमच्या डेपोत ते सगळ्यांत जुने, आणि मी तेव्हा नवीन. नात्यानं माझे कोणी नव्हेत. त्यांना डेपोचे मॅनेजरसुद्धा काकाच म्हणायचे. नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं आणि त्यांच्या कानावर गेलं, तर ते "मले न विचारता माह्यावर लिहिलं?" म्हणत घरी येऊन बसतील, चहा पितील, आणि उठायचं नाव घेणार नाहीत.

उंच, काडीसारखा माणूस. डोक्याला बारा महिने ओला दुपट्टा. डिझेल किती आहे ते पाहायला सीटखाली एक बांबूची काडी ठेवलेली, कारण काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. टाकीत काडी बुडवायची, नाकाला लावायची, आणि मग म्हणायचं, "पुरते." काट्यानंही तेच सांगितलेलं असायचं, पण काकांनी सांगितल्याशिवाय ते खरं होत नसे.

आणि आवाज! डेपोत डबा खायला बसलो की कुठलीही गाडी आत शिरू दे, काका न बघता सांगणार कोण चालवतोय ते. वर त्याची चिरफाड करणार. "आयकलं का? खर्रऽक! गिअर टाकून राहिला का सुपारी फोडून राहिला हा? असा पाहिजे." मग तोंडातला घास एका गालात सारून, डावा पाय फरशीवर दाबून, हवेत हात फिरवून ते आवाज काढायचे. आधी "हूंऽऽऽ", मग मध्ये एक बारीकशी "टक", आणि मग खालून वर चढत जाणारं "घूंऽऽऽऽ". डोळे मिटून ऐकलं तर खरीच गाडी. डाळभात मात्र समोरच्याच्या अंगावर. म्हणून मी नेहमी त्यांच्या शेजारी बसायची, समोर कधी नाही.

आमची फेरी होती पवनीच्या रस्त्यानं, कोंढ्याच्या पुढे आत वळून शेवटच्या गावापर्यंत. सकाळी भंडाऱ्याहून निघायचं, गावात गाडी वळवायची, माणसं भरायची आणि परत. हे गाव म्हणजे काकांची सासुरवाडी. तिथे त्यांना ड्रायव्हर कोणी म्हणायचंच नाही, अख्खं गाव जवाईबापू म्हणायचं. गावात शिरायच्या आधी एक मोठा तलाव लागतो, आणि रस्ता त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढून मग गावात उतरतो. त्या चढावर काका दुसरा गिअर टाकायचे. त्यांचं ते "घूंऽऽऽऽ" तलावाच्या पाण्यावरून गावभर जायचं.

त्या आवाजावर गाव चालायचं. स्टँडवर येऊन वाट बघत उभं राहणं त्या गावाला ठाऊकच नाही. घड्याळ बघून कोणी निघत नसे. पाळीवर दुसरा पडला, की चुलीवरच्या भातावर झाकण पडायचं, शेवटचा घोट घेतला जायचा, वेणीला रिबन लागायची, कोंबड्या आत कोंडल्या जायच्या. "आले वं जवाईबापू!" आणि गाडी स्टँडवर येऊन थांबते न थांबते तोच चहूकडून माणसं हजर. दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी असली तर म्हणे लोक आरामात यायचे, कारण "हा तं तिसऱ्यात चढवते, याचं काही खरं नाही."

अशा गावात आमच्या डेपोनं बिजलीची बस पाठवली.

आधी ट्रेनिंग झालं. नागपूरहून एक इंजिनिअर साहेब आले, पांढऱ्या पडद्यावर चित्रं दाखवली, बॅटरी, मोटर, चार्जिंग, सगळं नीट समजावलं. शेवटी म्हणाले, "काही शंका?" काका उठले.

"हे धक्का मारून चालू होते का?"

"नाही काका. ही इलेक्ट्रिक आहे."

"उतारावरून सोडली तं?"

"तरी नाही."

"म्हनजे बंद पडली का पॅसिंजरनं नुसतं पाहत बसाचं?" काका सगळ्यांकडे वळले. "मंग पॅसिंजर आनि गाडीचा संबंध काय राहिला?"

इंजिनिअर साहेबांनी घाईनं पडदा गुंडाळायला घेतला. मला मात्र काकांचं पटलं, खोटं कशाला बोलू. मग काकांनी गाडीला एक चक्कर मारली, हातात ती बांबूची काडी. कुठं बुडवावी याचा बराच शोध घेतला. चार्जिंगच्या भोकापाशी काडी नेली, तेव्हा इंजिनिअर साहेब इतक्या जोरानं ओरडले की डेपोतली कुत्री उठली.

गाडी मात्र छान होती. थंडगार, गुळगुळीत, धूर नाही, हादरे नाहीत. उतारावर पाय उचलला की तिची बॅटरी आपोआप भरायची, हे काकांना फार आवडलं. "कमावती आहे हे," म्हणायचे, आणि टक्का एकानं वाढला की मागं वळून पॅसिंजरांना ओरडून सांगायचे. चार्जिंग लावली की, "जेवाले बसवली हिले." पण त्यांचा डावा पाय आणि डावा हात काही केल्या रिकामा राहीना. क्लच नाही, गिअर नाही. पाय सारखा फरशी दाबायचा आणि हात हवेत चाचपडायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं आपली काठी काकांच्या सीटजवळ टेकवून ठेवली होती. अड्याळच्या पुढं चढ आला, काकांच्या हाताला काठी लागली, आणि त्यांनी ती अशी सफाईनं पुढे ढकलली की म्हाताऱ्यालाही बरं वाटलं. म्हणाला, "कोनता पडला जी?" काका म्हणाले, "तिसरा."

गावात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा काका पाळीवरून अशी अलगद गाडी घेऊन उतरले की झाडावरचा बगळाही हलला नाही. स्टँडवर चिटपाखरू नाही. आम्ही थांबलो. मी खाली उतरून इकडे तिकडे बघितलं. कोणी आलं नाही. निघायची वेळ झाली, निघालो. गाडी पाळीवर चढली आणि मागून गलका झाला. मी मागच्या काचेतून बघते तर अर्धं गाव पळत येतंय. सगळ्यांत पुढे भाजीची टोपली डोक्यावर घेऊन काकांच्या चुलत सासूबाई, आणि त्यांच्या मागे अर्धी वेणी घातलेली एक पोरगी. ही पोरगी भंडाऱ्याला नर्सिंग शिकायला जायची, त्या गावातली पहिलीच.

मी घंटी दिली, गाडी थांबली. पण सासूबाई तिथंच पाळीवर दम खात उभ्या राहून सुरू झाल्या.

"काय जी जवाईबापू! चोरासारखे आले आन चोरासारखे चालले?"

"चोरासारखा काहून? उभा होतो ना स्टँडवर!"

"उभे होते तं आवाज काहून नाही केला?"

"हे गाडीच तशी आहे, मामी. हिले आवाज नाही."

"आवाज नाही तं आनली कायले?"

सासूबाईंच्या भांडणात भरपूर वेळ गेला. आम्ही भंडाऱ्याला पोचलो तेव्हा पोरीचं प्रॅक्टिकल सुरू होऊन गेलं होतं. तिला आत घेतलं नाही. ती डेपोत बाकावर येऊन बसली, रडली नाही, नुसती उरलेली अर्धी वेणी घालत बसली. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मी म्हटलं, "काका, जेवा ना." म्हणाले, "हिचा बाप आधीच म्हनते, पोरीनं रोज एवढ्या दूर जाचं कायले. आता त्याले निमित्त सापडलं."

त्यानंतर रोज तेच. मी गावात घरोघरी वेळ सांगून आले. लोकांनी माना डोलावल्या. एक दिवस खरंच सगळे वेळेवर आले, आणि नेमका त्याच दिवशी आम्हाला चार्जिंगपायी उशीर झाला. झालं! "पाहा, घड्याळाचं असंच असते," असं गावानं ठरवून टाकलं आणि पुन्हा आवाजाची वाट बघत घरात बसलं. कोणी पळत येऊन मिळायचं, कोणी राहून जायचं. बहुतेक राहूनच जायचे.

एकदा माझं डोकं फिरलं. गाडी पाळीवर आली तशी मी ड्रायव्हरच्या सीटपाशी गेले आणि काकांच्या हाताखालून हात घालून हॉर्न दाबून धरला. चांगला लांबलचक. काकांनी कानावर दुपट्टा ओढून घेतला. गावात उतरलो तर एक माणूस नाही! नंतर कळलं, लोकांना वाटलं रेतीचा टिप्पर. आमच्या भागात रेतीचे टिप्पर इतका हॉर्न वाजवतात की हॉर्नला उठून बाहेर येईल असा माणूसच उरलेला नाही. कोंढ्यापर्यंत आरशात त्यांच्या मिशा हसताना मला दिसत होत्या. मेला हट्टी माणूस!

आणि मग मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावलं. एवढी महागाची गाडी रिकामी फिरते, हे वर गेलं होतं. म्हणाले, "वरचे साहेब स्वतः एक दिवस तुमच्या गाडीत बसून पाहणार. गावातून पॅसिंजर मिळाले नाहीत तर गाडी दुसऱ्या डेपोला जाईल, आणि ही फेरी बंद." जुनी डिझेलची गाडी तर आधीच भंगारात गेली होती. म्हणजे गावाला सकाळची गाडीच राहणार नव्हती.

बाहेर आल्यावर काका पायरीवर बसले. "सासुरवाडीची गाडी जवायाच्या हातानं बंद पडनार," म्हणाले. "आनि ते पोरगी घरी बसनार." मला त्यांचा एवढा राग यायचा, पण तेव्हा मात्र जीव कळवळला.

दुसऱ्याच दिवशी पाळीवर समोरून गवताचा ट्रॅक्टर आला. त्याला जागा द्यायला काकांनी गाडी मागे घेतली, तर गाडीतून एक बाई ठणठणीत हिंदीत बोलायला लागली, "कृपया ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है!" मागे घेताना या गाड्या असं बोलतातच, पण तलावाच्या पाण्यावरून तो आवाज असा काही गेला की विचारू नका. आम्ही गावात उतरलो तर अर्धं गाव बाहेर. सकाळी सकाळी हिंदीत कोण ओरडतंय ते बघायला आलेले. आलेच आहात तर बसा म्हटलं, बसले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही. बिलकूल नाही."

तेव्हापासून रोज पाळीवरच्या रुंद जागेत गाडी वळवायची आणि गावात उलटी उतरवायची. गाडी मागे घेताना कंडक्टरनं खाली उतरून मागे उभं राहायचं असा नियम. म्हणजे पुढे मी, शिटी तोंडात, हात हलवत उलटी चालतेय. माझ्यामागून पाठमोरी बस. आणि बसमधली ती बाई गावभर सांगतेय, गाडी पीछे आ रही है. वरातीत नाचणाऱ्यासारखी मी रोज गावात शिरायची. लोक दारातून म्हणायचे, "आली वं हिंदीवाली!" ती हिंदीवाली मी का बस, ते मी कधी विचारलं नाही. पण गाडी भरायला लागली, ती पोरगी वेणी पूर्ण करून यायला लागली, आणि काका पुन्हा डबा खायला लागले.

साहेब आले तो दिवस. कडक इस्त्रीचा शर्ट, पहिल्या सीटवर खिडकीशी बसलेले. रस्ताभर गाडीचं कौतुक. काकांनी दोनदा टक्का वाढल्याचं सांगितलं, साहेब खूश. पाळीवर आलो. काकांनी रुंद जागेत गाडी वळवायला घेतली, मी शिटी काढून दाराशी गेले.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"उलटी घेऊन राहिलो, साहेब. गावात अशीच जाते."

"पाळीवरून उलटी? तलावात घालायची आहे का? सरळ चला. पुन्हा हे चालणार नाही."

काकांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. सरळ जायचं म्हणजे मुकाट्यानं जायचं, आणि मुकाट्यानं गेलं की गाव घरात. माझ्या मनात आलं, धावत पुढे जावं आणि दारोदारी हाका माराव्या. पण गाडी निघाली सुद्धा. पाळीचा पुढचा चढ सुरू झाला. काकांच्या डाव्या पायानं फरशी दाबली. डावा हात हवेत गेला. मग त्यांनी खिडकीची काच सरकवली, दुपट्टा बांधलेलं डोकं बाहेर काढलं, आणि...

"हूंऽऽऽ... टक... घूंऽऽऽऽऽऽ!"

देवा रे! डेपोत डबा खाताना काढायचे तो आवाज याच्यापुढे काहीच नव्हता. हा पोटातून आलेला होता. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि चढ वाढेल तसा आवाज वर वर चढत चाललेला.

साहेब उभेच राहिले. "अहो! काय करताय काय?"

काकांनी श्वास घेण्यापुरतं डोकं आत आणलं. "दुसरा टाकून राहिलो, साहेब."

"या गाडीला गिअर नाही!"

"हिले नाही. मले आहे," म्हणाले, आणि पुन्हा डोकं बाहेर.

पाळ चढून वर आलो आणि मी गावाकडे बघितलं. एका घराचं दार उघडलं. मग दुसऱ्याचं. कुठून तरी "आले वं जवाईबापू!" ऐकू आलं आणि मला हसू की रडू तेच कळेना. स्टँडवर गाडी लागली तोवर चहूकडून माणसं येऊन धडकली. पिशव्या, टोपल्या, दवाखान्याला निघालेले म्हातारे, आणि पूर्ण वेणीची ती पोरगी. साहेब बघायला म्हणून जरा दाराकडे सरकले, तेवढ्यात काकांच्या सासूबाई त्यांच्या सीटवर टोपली घेऊन बसल्या. साहेब म्हणाले, "आजी, ती माझी जागा आहे." सासूबाई म्हणाल्या, "नाव लिवलं आहे का?" आणि जावयाकडे वळून, "जवाईबापू, घसा बसला वाटते. हळद-दूध घ्या राती."

साहेब भंडाऱ्यापर्यंत उभे आले. उतरताना काकांसमोर थांबले. शर्टची इस्त्री पार गेलेली, एका बाहीला मेथीचं पान चिकटलेलं.

"गाडी उलटी चालवायची नाही," म्हणाले.

"नाही, साहेब."

"बाकी..." त्यांनी बाहीवरचं पान झटकलं. "तोंडाचं नियमात काही नाही."

फेरी राहिली. त्या पोरीचं नर्सिंग पूर्ण झालं. आता ती भंडाऱ्यातच एका दवाखान्यात आहे आणि मला बीपीच्या गोळ्यांवरून रागावते. काका शेवटच्या दिवसापर्यंत तोंडानं दुसरा टाकत राहिले. निवृत्त झाले आणि सासुरवाडीतच जाऊन राहिले, बायकोच्या वाट्याची थोडी धानाची शेती होती म्हणून. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करा म्हटलं तर उभे राहिले, डावा पाय दाबला, आणि आमच्या लक्षात येऊन समोरचे सगळे बाजूला झाले.

त्यांच्या जागी नवा ड्रायव्हर आला. चांगला आहे पोरगा, गाडी छान चालवतो. पहिल्या दिवशी पाळीवर त्यानं हॉर्न वाजवला. गावात चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्याला म्हटलं, "तोंडानं काढ." तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला नाचायला सांगितलं. लाजला. नाहीच म्हणाला.

मग काय करता? तिसऱ्या दिवशी पाळ आली तशी मी दाराशी गेले, दांडी धरून बाहेर वाकले, आणि तोंडानं दुसरा टाकला. माझा आवाज बारीक, पहिल्यांदा तर बकरी ओरडल्यासारखं झालं. तरी चार घरांतली माणसं निघाली. हळूहळू जमलं, गाव यायला लागलं.

एका सकाळी सगळे चढून झाल्यावर मी घंटी देणार, तोच मागून कोणी हात दाखवत आलं. ओला दुपट्टा, हातात पिशवी. काका. डोळे दाखवायला भंडाऱ्याला निघाले होते. कसे आले, तर पूर्वी त्यांच्या आवाजावर अख्खं गाव यायचं ना, तसेच. पुढच्या सीटवर बसले. मी तिकीट द्यायला गेले. मला वाटलं, आता तरी हा माणूस एक शब्द चांगला बोलेल.

"काका, घरात आयकू आला का जी आवाज?"

"आयकला म्हनून तं आलो ना." मग खिडकीबाहेर बघत बसले. तलाव मागे पडला, कोंढा आलं, तेव्हा माझ्याकडे वळले. "पन बाई, क्लच पुरा दाबत नाही तू."

दुसऱ्या दिवशी पाळीवर मी डावा पाय पुरा दाबला, आणि मगच तोंड उघडलं.